प्रायमरीतलं मत: आपलं किती, टीव्हीचं किती?

मेधा, नॅशुआ (न्यू हॅम्पशायर)
१८ जानेवारी २०२४

नमस्कार मंडळी. गेल्या जूनमध्ये मी अमेरिकेची नागरिक झाले. येत्या मंगळवारी, २३ तारखेला, पहिल्यांदाच प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मत देणार आहे. नोंदणी करताना कुठलाच पक्ष लिहिला नाही, म्हणजे इथल्या भाषेत मी 'अनडिक्लेअर्ड'. न्यू हॅम्पशायरमध्ये जवळजवळ चाळीस टक्के मतदार असेच आहेत, आणि मतदानाच्या दिवशी आम्ही दोन्हींपैकी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. म्हणूनच बहुतेक सगळ्यांचा डोळा आमच्यावर आहे.

काल टपालपेटीतून सहा चकचकीत पत्रकं निघाली. पाच रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या निकी हेलींबद्दल, त्यातली चार त्यांच्या विरोधात. नऊ नंबरचं चॅनेल हवामानासाठी लावलं तर बर्फाचा अंदाज यायच्या आधी तीन जाहिराती. एकीत हेली आधी म्हणतात गॅसवरचा (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात) कर वाढवणार नाही, पुढच्याच क्षणी म्हणतात वाढवूया. मी शोधून बघितलं. दुसरं वाक्य २०१५ सालचं, त्या साउथ कॅरोलिनाच्या गव्हर्नर होत्या तेव्हाचं. गॅसवरचा कर वाढवायचा, पण त्याबरोबर आयकर कमी करायचा, असा तो प्रस्ताव होता. अर्ध वाक्य ठेवलं, अर्ध कापलं.

दुसरी जाहिरात निवृत्तिवेतनाची. मी एका दातांच्या दवाखान्यात हिशेब बघते. तिथली माझी सहकारी बासष्ट वर्षांची आहे, दोन वर्षांत निवृत्त होईल. ती जाहिरात बघून ती खरोखर घाबरली. मी तिला म्हटलं, "अगं, निवृत्तीचं वय वाढवायचं ते हेली आज विशीत असलेल्यांसाठी म्हणताहेत, तुझ्यासाठी नाही." ती म्हणाली, "असेलही. पण आता डोक्यात बसलं ते बसलं." ते उत्तर माझ्या मनातून जात नाही.

पण जाहिरातींपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. सोमवारी आयोवा या पहिल्या राज्याचा निकाल लागला. रिपब्लिकन उमेदवारीसाठी ट्रम्प ५१ टक्के, डीसँटिस २१, हेली १९. त्या रात्री मी एक वाजेपर्यंत चर्चा ऐकत बसले. हेलींना 'धक्का', डीसँटिसना 'जीवदान', ट्रम्पना 'आता कोण अडवणार'. दोन टक्क्यांच्या फरकावर दोन तास. मंगळवारी सकाळी चहा करताना लक्षात आलं, की मला कोण हवं हा विचार मागेच पडला होता आणि मी कोण जिंकू शकेल याचाच हिशेब मांडत होते. हा हिशेब माझ्या डोक्यात कधी शिरला, कोणी घातला, ते कळलंच नाही.

कोल्हापूरला बाबांशी बोलले. त्यांना आधी हेच पटेना, की पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं हे सामान्य मतदार ठरवतात. "मग पक्ष काय करतो?" म्हणाले. आणि त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे प्रचाराच्या तोफा कधी थंडावतात?" थंडावतच नाहीत, म्हटलं. आपल्याकडे मतदान संपायच्या आधीचे ४८ तास तरी प्रचार बंद असतो. इथे मंगळवारी सकाळीसुद्धा पत्रक येईल.

तर यातून आधी गेलेल्यांनी सांगा. या चिखलफेकीचा आणि चर्चांचा तुमच्या मतावर खरंच परिणाम झाला का? कधी झाला, कसा झाला?

---

सुहास, बॉस्टन
१८ जानेवारी २०२४

मेधा, मी सात वर्षं एका टीव्ही स्टेशनच्या जाहिरात विभागात होतो. कुठली जाहिरात किती वाजता लागायची त्याचं वेळापत्रक लावायचं काम. न्यू हॅम्पशायरच्या दक्षिण भागात बॉस्टनची चॅनेल दिसतात, त्यामुळे दर चार वर्षांनी डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे झोप नसायची.

तू सांगितलेल्या दोन्ही जाहिराती एकाच माळेच्या वाटतात, पण कायद्याच्या नजरेत त्यांच्यात मोठा फरक आहे. शेवटी उमेदवार स्वतः 'या संदेशाला माझी मान्यता आहे' असं म्हणतो, ती उमेदवाराची जाहिरात. ती खोटी आहे असं स्टेशनला वाटलं तरी मजकुरावरून नाकारता येत नाही, एक शब्दही कापता येत नाही. आम्ही कितीदा चरफडत त्या लावल्या आहेत. ज्या जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरांत 'कुठल्याही उमेदवाराने अधिकृत केलेली नाही' असं येतं, ती सुपर पॅकची, म्हणजे बाहेरच्या गटाची. ती मात्र स्टेशन नाकारू शकतं. नाकारतात फार थोडे, कारण पैसा तिथेच आहे. प्रायमरीच्या आधीचे ४५ दिवस उमेदवाराला सगळ्यात कमी दर द्यावा लागतो. बाहेरच्या गटाला ते संरक्षण नाही. त्याच तीस सेकंदांसाठी त्याला कितीतरी जास्त मोजावे लागतात.

गॅसच्या कराची ती जाहिरात ट्रम्प यांच्या बाजूच्या गटाची आहे, निवृत्तिवेतनाची थेट त्यांच्या मोहिमेची. पुढच्या वेळी शेवटचे तीन सेकंद बघ. आणि हवं तर प्रत्येक स्टेशनची राजकीय जाहिरातींची नोंदवही सरकारी संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. कोणी, किती वेळा, किती पैशांना वेळ विकत घेतली, सगळं तिथे आहे. मी नोकरीत असताना ती बघायला वार्ताहर यायचे. सामान्य मतदार एकही आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

---

वसुधा, वेस्ट डेमॉइन (आयोवा)
१९ जानेवारी २०२४

मेधा, तुझा प्रश्न वाचून रात्री उठून बसले. उत्तर लांब होणार आहे, सांभाळून घे.

मी १९९७ पासून इथे आहे. विमा कंपनीत नोकरी, आता निवृत्त. २००३ मध्ये नागरिक झाले आणि पहिल्याच हिवाळ्यात कॉकस आला, १९ जानेवारी २००४. (आयोवात प्रायमरीऐवजी कॉकस, म्हणजे पक्षाची सभा भरवून उमेदवार निवडतात.) मी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागणारे व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन यांच्यासाठी काम करत होते. इराकच्या युद्धाला उघड विरोध करणारा माणूस म्हणून ते मला पटले होते. त्या डिसेंबरात सगळी वर्तमानपत्रं आणि सगळी चॅनेल सांगत होती, की आयोवात झुंज डीन आणि डिक गेपहार्ट यांच्यात आहे. जॉन केरी? त्यांचं नाव बातमीच्या शेवटी यायचं.

मग दोघे एकमेकांवर तुटून पडले. गेपहार्ट म्हणायचे, डीन यांनी मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांची सरकारी आरोग्यविमा योजना, कापायला पाठिंबा दिला होता. डीन यांच्या जाहिरातीत गेपहार्ट रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांच्या शेजारी उभे, युद्धाच्या ठरावाला पाठिंबा देताना. बाहेरचे गट वेगळेच. एका जाहिरातीत एक वयस्कर जोडपं डीनना सांगतं, तुमची लाटे पिणारी, सुशी खाणारी, व्होल्वो चालवणारी मंडळी घेऊन व्हरमाँटला परत जा. ती आमच्या टीव्हीवर लागायची. मी तेव्हा नुकती नागरिक झालेली. खाण्यापिण्यावरून माणूस परका ठरत असेल, तर या राज्यात मी कुठे बसते, हा प्रश्न मला खरोखर पडला होता. तुमच्या न्यू हॅम्पशायरमध्ये तर त्याच सुमारास एका गटाने ओसामा बिन लादेनचा चेहरा पडद्यावर आणून डीनना परराष्ट्र धोरणाचा अनुभव नाही म्हणून सांगितलं. तो गट डेमोक्रॅट लोकांचाच होता, आणि पैसे देणाऱ्यांची नावं मतदान उरकल्यावर बाहेर आली.

आता कॉकसची रात्र. शाळेच्या जिममध्ये आम्ही दोनशेच्या आसपास लोक. डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये तेव्हा गुप्त मतदान नव्हतं. ज्याचा जो उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ज्याच्या कोपऱ्यात पंधरा टक्के लोक नाहीत तो गट बाद, आणि त्या लोकांनी दुसरीकडे जायचं. आमच्याकडे गेपहार्टचा गट बाद झाला. बावीस-तेवीस माणसं, बरीचशी कामगार संघटनेतली, साठीच्या पुढची. मी लगबगीने त्यांच्याकडे गेले. त्यात माझ्या गल्लीतल्या एक बाई होत्या, बर्फ पडला की त्यांचा नवरा आमचाही रस्ता साफ करायचा. मी म्हटलं, आमच्याकडे या. त्या म्हणाल्या, "महिनाभर तुम्ही आमच्या माणसाबद्दल काय काय दाखवलंत. आज कशी येऊ?" आणि त्या जाऊन केरींच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागोमाग जवळजवळ सगळे.

नकारात्मक जाहिरातीने काय होतं, ते मी त्या जिममध्ये माणसांच्या पावलांत बघितलं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत दोनच बाजू असतात. समोरच्याला चिखल लावला, तर त्याचा तोटा तो आपला फायदा. प्रायमरीत पाच-सहा जण असतात. दोघांनी एकमेकांना माखवलं की लोक स्वच्छ कपड्यांच्या तिसऱ्याकडे जातात. राज्यभरात केरी ३८ टक्के, जॉन एडवर्ड्स ३२, डीन १८, गेपहार्ट ११. वीस वर्षांनी परवा हेच पुन्हा झालं. हेली आणि डीसँटिस यांच्या बाजूच्या गटांनी आयोवात एकमेकांवर कोट्यवधी डॉलरची आग ओकली. ट्रम्प यांच्यावर त्या मानाने फार थोडी.

त्याच रात्री दुसरी गोष्ट घडली, ती तुझ्या खऱ्या प्रश्नाशी जोडलेली आहे. कॉकस आटोपून आम्ही सगळे व्हॅल-एअर बॉलरूममध्ये गेलो. वेस्ट डेमॉइनमध्येच आहे, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तिसऱ्या क्रमांकाचं दुःख होतं, पण तरुण मुलं हजारोंनी आलेली, झेंडे, आरडाओरडा, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. डीन आले, त्यांनी पुढच्या राज्यांची नावं घेतली आणि शेवटी ओरडले. मला ती आरोळी ऐकूच आली नाही. खरं सांगते. आमच्याच गोंगाटात ती बुडून गेली. मी घरी येऊन झोपले. सकाळी टीव्ही लावला तर एक माणूस सुन्न शांततेत एकटाच वेड्यासारखा किंचाळतोय. त्यांच्या हातातला माइक फक्त तोंडाजवळचा आवाज घेणारा होता, आम्हा लोकांचा आवाज त्यात आलाच नव्हता. पुढचे चार-पाच दिवस तो तुकडा शेकडो वेळा दाखवला गेला, आणि प्रत्येक वेळी त्यावर कोणी तरी डॉक्टरच्या आविर्भावात बोलत होतं. काही दिवसांनी एबीसी चॅनेलच्या डायन सॉयर यांनी सभागृहातला मूळ आवाज कसा होता ते दाखवलं. तोपर्यंत उशीर झाला होता.

लोक म्हणतात त्या किंकाळीने डीन बुडाले. ते खरं नाही, ते त्याआधीच हरले होते, मी तुला आत्ताच जिममधलं सांगितलं. पण आठ दिवसांनी तुमच्याकडे प्रायमरी होती. सावरायची एक संधी होती, ती त्या तुकड्याने खाल्ली. आमचा माणूस रागीट आहे हे मला दारोदार फिरताना कोणी म्हणालं नव्हतं. त्यानंतर मात्र माझी स्वतःची बहीण फोनवर म्हणाली, "तो जरा विचित्रच वाटतो नाही का?" ती न्यू जर्सीत राहते. तिने डीनचं एक भाषण पूर्ण ऐकलेलं नव्हतं.

माझी मुलगी आयोवा सिटीला राज्यशास्त्र शिकली, तिच्यामुळे मी थोडं वाचलं. २००६ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांच्या मोहिमेने संशोधकांना खरोखरचा प्रयोग करू दिला होता. कुठल्या भागात किती टीव्ही जाहिराती लावायच्या हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. जाहिरातींनी मतं चांगलीच हलली, पण आठवड्याभरात परिणाम जवळजवळ विरून गेला. त्या जाहिराती स्तुतीच्या होत्या, निंदेच्या नव्हत्या, हे लक्षात ठेव. निंदेबद्दल रिचर्ड लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा, की निंदा लक्षात जास्त राहते, पण मतं मिळवून देतेच असं दिसत नाही. तुझ्या सहकारी बाईंचं 'डोक्यात बसलं ते बसलं' हे त्यातलं पहिलं अर्ध.

मग प्रायमरीत जाहिराती इतक्या का चालतात? कारण नोव्हेंबरमध्ये तुझ्या हातात पक्षाचं नाव असतं. तू कितीही गोंधळलीस तरी ते नाव बघून निम्मं ठरतं. प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे, बोलतातही सारखंच. धरायला काही नसतं. म्हणून जो शेवटचा धक्का देईल त्याच्याकडे माणूस झुकतो, आणि धक्का कमी पडला तर टीव्हीवरचे पंडित 'हा जिंकेल' असं सांगून उरलेलं काम करतात. शेवटचा आठवडा म्हणूनच इतका महाग. तू तुझं मत त्या आठवड्याच्या आधी एका कागदावर लिहून ठेवायला हवं होतंस. अजूनही लिही. आज लिही.

आणि परवाचं. माझा मुलगा रिपब्लिकन आहे, आमचं पटत नाही पण बोलणं आहे. सोमवारी त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत तो कॉकसला गेला. सात वाजता सुरू झालं, भाषणं चालू होती, कागद वाटायचे होते. अर्ध्या तासात खिशातला फोन वाजला, एपी वृत्तसंस्थेने ट्रम्प विजयी जाहीर केले होते. त्याने मत दिलं नव्हतं. शेजारचे दोघे कोट घालून निघून गेले. तो थांबला, त्याने द्यायचं त्याला मत दिलं. पण गाडीतून मला फोन करून म्हणाला, "आई, मी आत उभा होतो आणि बाहेर निकाल लागला होता." त्या मुलाचा इतका उतरलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

---

अनिरुद्ध, ग्रीनव्हिल (साउथ कॅरोलिना)
२० जानेवारी २०२४

वसुधाताई, तुमचा जिमचा किस्सा मी बायकोला वाचून दाखवला.

आमच्याकडचं दोन गोष्टींत सांगतो. २००० साली मी नागरिक नव्हतो, मत नव्हतं, पण राहत इथेच होतो. रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीत जॉन मॅकेन न्यू हॅम्पशायर मोठ्या फरकाने जिंकून आले होते, प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांच्यापेक्षा अठरा टक्के जास्त. अठरा दिवसांनी आमच्याकडे मतदान. त्या अठरा दिवसांत फोन सुरू झाले, पत्रकं निघाली. फोन 'जनमत चाचणी'चा म्हणून यायचा आणि प्रश्न असा असायचा, की मॅकेन यांना एक काळं अनौरस मूल आहे असं कळलं तर तुम्ही मत द्याल का? खरी गोष्ट अशी, की मॅकेन दांपत्याने बांगलादेशातली एक मुलगी दत्तक घेतली होती, ढाक्यातल्या मदर तेरेसांच्या अनाथाश्रमातून. ती प्रचारसभांत वडिलांबरोबर दिसायची. सावळी, आपल्या मुलींसारखी.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिला किराणा दुकानात घेऊन गेलो की मला वाटायचं, समोरचा माणूस तो फोन ऐकून आला असेल का. हे कोणी केलं ते कधीच सिद्ध झालं नाही, बुश यांच्या मोहिमेने हात झटकले. मॅकेन बेचाळीस विरुद्ध त्रेपन्नने हरले. त्यांनी स्वतःही एक चूक केली होती. बुश क्लिंटनसारखे सत्य वाकवतात अशी जाहिरात त्यांनी लावली, आणि इथल्या रिपब्लिकन माणसाला त्याहून मोठी शिवी नव्हती. ती त्यांच्यावरच उलटली. पण तो फोन वेगळा. जाहिरातीला निदान पडदा आहे, नाव आहे, सुहास म्हणतो तशी नोंदवही आहे. फोनला काहीच नाही.

दुसरी गोष्ट २०१२ ची, तोवर माझं मत आलं होतं. रिपब्लिकन उमेदवारीसाठी आयोवात न्यूट गिंग्रिच आदल्या डिसेंबरात पुढे होते. त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांच्या बाजूच्या सुपर पॅकने जाहिरातींचा असा मारा केला, की ते चौथे आले. सगळे म्हणाले संपले. मग १९ जानेवारीला नॉर्थ चार्ल्सटनमध्ये वादसभा झाली. सीएनएनच्या जॉन किंग यांनी पहिलाच प्रश्न गिंग्रिच यांच्या आधीच्या पत्नीच्या मुलाखतीवरून विचारला. गिंग्रिच यांनी आधी माध्यमांनाच धारेवर धरलं. सभागृह उभं राहिलं. मी घरी सोफ्यावर बसून टाळ्या वाजवल्या, आणि मी त्यांचा समर्थकही नव्हतो! दोन दिवसांनी ते ४० विरुद्ध २८ ने जिंकले. माध्यमांवरचा राग हीच त्यांची जाहिरात झाली. त्यानंतर दहा दिवसांनी फ्लोरिडात पुन्हा पैशांचा पाऊस पडला आणि ते चौदा टक्क्यांनी हरले. म्हणजे एका वाक्याचं तेज दहा दिवसही टिकलं नाही.

त्या टाळ्यांचं मला अजून आश्चर्य वाटतं. त्या मी कोणासाठी वाजवल्या?

---

प्राची, ट्रॉय (मिशिगन)
२१ जानेवारी २०२४

आमच्याकडचा आपला माणूस आठवला म्हणून लिहिते. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत गव्हर्नरपदासाठी उभे होते. स्वतःचे एक कोटी डॉलर घातले, फेब्रुवारीतच टीव्हीवर सगळीकडे. सुरुवातीच्या काही चाचण्यांत पुढेही होते. आमच्या घरी कोण आनंद! ऑगस्टमध्ये ग्रेचन व्हिटमर ५२ टक्क्यांनी जिंकल्या, ठाणेदार अठरा टक्क्यांच्या आत तिसरे. नुसती ओळख फेब्रुवारीत विकत मिळाली, पण ऑगस्टपर्यंत संघटना, कामगार नेते, शेजारपाजारचे लोक बोलायला लागले तेव्हा ती पुरली नाही.

पण २०२२ मध्ये उलट झालं. अमेरिकी काँग्रेसच्या डेट्रॉइटमधल्या तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्रायमरीला नऊ जण उभे. बाहेरच्या एका गटाने त्यांच्या प्रतिस्पर्ध्यासाठी चाळीस लाख डॉलरहून जास्त ओतले, तरी ठाणेदार अठ्ठावीस टक्क्यांवर प्रायमरी जिंकले. मतं नऊ ठिकाणी फुटली की अठ्ठावीस पुरतात. म्हणून मेधा, 'कोण जिंकेल' हा हिशेब मांडायचाच असेल तर किती जण उभे आहेत तेही मोज. दोघांत तो हिशेब वेगळा, नऊ जणांत वेगळा. टीव्हीवर मात्र दोन्हीकडे एकाच सुरात बोलतात.

आणि हो, मी २०१८ मध्ये ठाणेदारांना मत दिलं का? दिलं. जाहिरातीमुळे नाही, त्यांच्या उच्चारात मला माझ्या मामाचा आवाज ऐकू आला म्हणून. हेही कारण बरोबर होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

---

मेधा, नॅशुआ
२४ जानेवारी २०२४

सगळ्यांचे मनापासून आभार. वसुधाताई, शुक्रवारी रात्रीच मी वहीत नाव लिहिलं, खाली तीन कारणं लिहिली आणि वही स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या मागे ठेवली.

रविवारी डीसँटिस बाहेर पडले. त्याच दिवशी नवऱ्याच्या फोनवर अध्यक्ष बायडन यांच्या आवाजात निरोप आला, की मंगळवारी मत देऊ नका, तुमचं मत नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. तो नोंदणीकृत डेमोक्रॅट आहे. बायडन यांचं नाव इथे मतपत्रिकेवरच नव्हतं, लोक ते हाताने लिहिणार होते. आवाज हुबेहूब, बोलण्याची लकबसुद्धा. तो पूर्ण ऐकून घेतल्यावर नवरा दोन मिनिटं गप्पच होता. सोमवारी कळलं, की तो यंत्राने बनवलेला आवाज होता आणि राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी चौकशी सुरू केली आहे. अनिरुद्धदादा, तुमच्या त्या २००० सालच्या फोनची आठवण झाली. तेव्हा निदान पलीकडे कोणी तरी माणूस बोलत होता.

मंगळवारी सकाळी सातला आम्ही दोघे आमच्या वॉर्डाच्या केंद्रावर गेलो. मी रिपब्लिकन मतपत्रिका मागितली. पडद्याआड गेल्यावर खिशातून वहीतलं पान काढलं, कारणं पुन्हा वाचली आणि खूण केली. सहकारी बाई दुपारी म्हणाल्या, मी काही गेले नाही, कोणावरच विश्वास राहिला नाही. त्यांना मी गॅसच्या कराचं ते पूर्ण वाक्य आणि निवृत्तीच्या वयाचं पूर्ण बोलणं छापून नेऊन दिलं होतं. त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं होतं, वाचलं नव्हतं. मला त्याचं फार लागलं. मी आणखी आठवडाभर आधी द्यायला हवं होतं.

बाहेर पडताना पुन्हा 'अनडिक्लेअर्ड' व्हायचं कार्ड भरून दिलं. रात्री आठला शेवटची केंद्रं बंद झाली आणि लगेच निकाल जाहीर. ट्रम्प ५४, हेली ४३. मी टीव्ही बंद केला. चर्चा ऐकली नाही.

आज टपालपेटीत फक्त विजेचं बिल होतं.

---

अनिरुद्ध, ग्रीनव्हिल (साउथ कॅरोलिना)
२४ जानेवारी २०२४

मेधा, आमच्या पेटीत आज चार पत्रकं आली. तुमच्याकडची गाडी इकडे वळली आहे. काल रात्री दोन चॅनेलवर ऐकलं, की स्पर्धा संपली. आमचं मतदान २४ फेब्रुवारीला आहे. मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे, अटलांटाहून परवा फोनवर विचारत होती, "बाबा, तुम्ही तरी जाणार ना?" वहीतलं पान मी आज रात्री लिहितोय.